एका लाइनवर अख्खं ऑफिस: प्रॉक्सी कुठं लावायची आणि कुठं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसात वीस-बावीस कॉम्प्युटर, इंटरनेटची लाइन एकच, ती एका विंडोजच्या पीसीला जोडलेली, त्यात दोन नेटवर्क कार्डं आणि त्यावर प्रॉक्सीचं (म्हणजे इतरांच्या वतीनं नेटवर जाणारं) सॉफ्टवेअर टाकून बाकी सगळ्यांना नेट दिलेलं. ब्राउझर चालतो, पण मेलचा प्रोग्राम अडकतो, काही सॉफ्टवेअरचे अपडेट होत नाहीत, व्हिडिओ कॉलला आवाज तुटतो आणि तो पीसी रीस्टार्ट झाला की सगळं ऑफिस थांबतं. प्रश्नकर्त्याने विचारलंय की यापेक्षा चांगली प्रॉक्सी कुठली घेऊ.

माझं स्पष्ट मत सांगतो, सॉफ्टवेअर बदलून यातलं फारसं काही सुटणार नाही. तुमच्याकडे दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन्ही एकाच पीसीच्या गळ्यात मारलीयेत. एक काम म्हणजे लाइन सगळ्यांना वाटणं. दुसरं म्हणजे कोणी कुठं जायचं ते ठरवणं आणि त्याची नोंद ठेवणं. पहिलं काम राउटरचं आहे, दुसरं प्रॉक्सीचं. मी ऑफिसांची नेटवर्क सांभाळतो आणि "प्रॉक्सी नीट चालत नाही" म्हणून येणाऱ्या तक्रारींमध्ये बहुतेक वेळा हाच गोंधळ असतो, प्रॉक्सी बिचारी आपलं काम नीटच करत असते, तिला दिलेलं कामच तिचं नसतं.

हे असं का होतं त्यालाही कारण आहे. डायल-अपच्या काळात मोडेम एकाच पीसीला लागायचा, घरगुती राउटर सहज मिळत नव्हते, मग त्याच पीसीवर प्रॉक्सी टाकून बाकीच्यांना वाट करून द्यायची हा सरळ मार्ग होता. स्क्विड ही आजही खूप वापरातली मोफत प्रॉक्सी १९९६ च्या सुमाराची, तीसुद्धा हार्वेस्ट नावाच्या प्रोजेक्टमधल्या कॅशमधून (एकदा उघडलेली पानं साठवून ठेवणारा प्रोग्राम) आली. तेव्हा वेबसाइट साध्या एचटीटीपीवर (वेबची कुलूप नसलेली भाषा) असायच्या, त्यामुळे एकाने उघडलेलं पान दुसऱ्याला लोकल डिस्कवरून मिळायचं आणि लाइन खरोखर वाचायची. आता जवळपास सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे तिच्या कुलूपबंद रूपावर आहे. ब्राउझर प्रॉक्सीला फक्त "कनेक्ट" म्हणून साइटचं नाव आणि पोर्ट (कुठल्या कामासाठी कुठलं दार, तो क्रमांक) सांगतो, प्रॉक्सी तिथपर्यंत एक बोगदा उघडून देते आणि पुढचं सगळं कुलूपबंद जातं. आत काय आहे ते तिला दिसत नाही, म्हणून ती साठवूनही ठेवू शकत नाही. तेव्हा कॅशमुळे लाइन वाचेल या आशेने प्रॉक्सी लावत असाल तर ती आशा आता सोडून द्या.

आता दोन्हीतला फरक. नॅट करणारा राउटर म्हणजे आलेल्या पाकिटावरचा प्रेषकाचा पत्ता बदलून ते तसंच पुढं पाठवणारा माणूस, आत काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, त्यामुळे मेल असो, कॉल असो, कुठलंही सॉफ्टवेअर असो, जवळपास सगळं जातं आणि तुमच्या पीसीला काही वेगळं सांगावंही लागत नाही. प्रॉक्सी तशी नाही. तिच्याशी तिच्या भाषेत बोलावं लागतं, म्हणजे प्रोग्रामला आधी माहीत पाहिजे की मध्ये प्रॉक्सी आहे, तिचा पत्ता काय, पोर्ट कुठला, आणि मग तो तिला विनंती करतो आणि ती स्वतः नवीन कनेक्शन काढून काम करून आणते. ज्या प्रोग्रामला ही भाषाच येत नाही तो थेट बाहेर जायला बघतो, बाहेरची वाट नसते, आणि अडकतो. तुमच्या बहुतेक तक्रारी इथूनच निघतात, एकेक बघू.

मेलचा प्रोग्राम आयमॅपसाठी (मेल वाचायची पद्धत) ९९३ पोर्ट वापरतो, पाठवायला ५८७ किंवा ४६५. हे एचटीटीपी नाहीच. काही मेल प्रोग्रामना सॉक्स प्रॉक्सी कळते (एचटीटीपी सोडून बाकीचंही नेणारी प्रॉक्सी, सॉक्स ५, नेहमीचा पोर्ट १०८०) पण सगळ्यांना नाही. आणि एचटीटीपी प्रॉक्सीच्या बोगद्यातून न्यायचं म्हटलं तरी स्क्विडची मूळ सेटिंग कनेक्टला ४४३ सोडून बाकी पोर्टवर नाही म्हणते, आणि ते बरोबरच आहे, तिथं ढील दिली की त्याच बोगद्यातून कोणीही काहीही नेऊ शकतं, म्हणून मेल चालावी म्हणून ती यादी वाढवत बसू नका.

अपडेटचं प्रकरण थोडं वेगळं. विंडोजमध्ये तुम्ही सेटिंगमध्ये जी प्रॉक्सी भरता ती लॉगिन केलेल्या युजरची असते. मागे चालणाऱ्या कितीतरी सर्व्हिस विनएचटीटीपीची (विंडोजचा मागच्या सर्व्हिसना नेट देणारा भाग) वेगळी सेटिंग बघतात, ती "नेटएसएच विनएचटीटीपी" या कमांडने द्यावी लागते. लिनक्सवर आणि कमांड लाइनच्या बऱ्याच टूल्सना एचटीटीपी-प्रॉक्सी, एचटीटीपीएस-प्रॉक्सी आणि नो-प्रॉक्सी ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममध्ये प्रोग्रामसाठी ठेवलेल्या नोंदी) लागतात. गिटची (प्रोग्रामरचं कोड सांभाळायचं टूल) सेटिंग आणखी वेगळी देता येते. मोबाइलवर वाय-फायच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी भरली तरी सगळी ॲप ती मानतातच असं नाही. म्हणजे एकच प्रॉक्सी, पण ती सांगायच्या जागा पाच, आणि त्यातली एक राहिली की "माझ्याकडे ब्राउझर चालतो पण हे चालत नाही" अशी तक्रार येते.

व्हिडिओ कॉल. यांना यूडीपी (पोचलं का याची वाट न बघता पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवायची पद्धत) हवं असतं, कारण आवाजाचं एखादं पॅकेट हरवलं तर पुढं जाणं बरं, थांबून वाट बघणं नाही. एचटीटीपी प्रॉक्सी साधारणपणे टीसीपीच (हरवलेलं परत मागवून क्रमाने देणारी पद्धत) नेते. मग कॉलचं सॉफ्टवेअर सगळे मार्ग बघून शेवटी टीसीपीवर ४४३ मधून कसंबसं जातं, कॉल लागतो, पण एक पॅकेट हरवलं की मागची सगळी त्याच्यासाठी थांबतात आणि आवाज तुटतो. एचटीटीपी ३ (एचटीटीपीची नवी आवृत्ती) सुद्धा यूडीपीवरच चालतं, तेही तुमच्या प्रॉक्सीतून जात नाही, पण ब्राउझर गुपचूप टीसीपीवर परत येतो म्हणून तुम्हाला कळत नाही. तर कॉल तुटतात म्हणून प्रॉक्सीचा ब्रँड बदलणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही घालवणं. (कॉल तुटायचं अजून एक कारण असतं, ते पुढं लिहितो, तेही तपासा.)

आता काय करायचं हे तुमच्या परिस्थितीवर आहे, आणि तीन गोष्टी मला प्रश्नातून कळल्या नाहीत. पहिली, ही लाइन थेट इंटरनेट कंपनीकडून तुमच्या ऑफिसलाच आलीये की मुख्य ऑफिसने तुम्हाला त्यांच्या नेटवर्कमधून वाट दिलीये. दुसरी, तुम्हाला नुसतं नेट वाटायचंय की कोणी काय उघडतं यावर बंधन आणि नोंदही हवीये. तिसरी, हे बदलायचा अधिकार तुमच्याकडे आहे का.

लाइन तुमची असेल आणि बंधन वगैरे काही नको असेल तर उत्तर फार लहान आहे. प्रॉक्सी काढा, राउटर लावा, त्याला एक स्विच (सगळ्या पीसींच्या केबल जोडायचा डबा), राउटरच्या डीएचसीपीने (आपोआप पत्ते वाटायची सोय) सगळ्यांना पत्ते द्या, संपलं. मेल, अपडेट, कॉल सगळे सरळ जातील आणि कोणाच्या पीसीवर काही भरायची गरज राहणार नाही.

बंधन किंवा नोंद हवी असेल तर मी असं लावतो. राउटर नॅट करणार, लाइन त्याच्यात. प्रॉक्सीसाठी एक वेगळं मशिन, त्यावर लिनक्स आणि स्क्विड, आणि ते मशिन वाटेत मधोमध नाही तर बाकी पीसींसारखंच स्विचला एका केबलने जोडलेलं. दोन नेटवर्क कार्डांची गरजच नाही. ब्राउझरना प्रॉक्सीचा पत्ता दिला, आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये (कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं ते ठरवणारा भाग) नियम टाकला की ८० आणि ४४३ वर बाहेर फक्त प्रॉक्सी मशिनलाच जाता येईल, यूडीपीचा ४४३ पण त्यात धरा नाहीतर ब्राउझरवरची प्रॉक्सी सेटिंग कोणी काढली तर तिथून वाट सापडते. मेलचे पोर्ट तुमच्या मेल सर्व्हरपुरते थेट उघडा. कॉलचं जे सॉफ्टवेअर ऑफिस अधिकृतपणे वापरतं त्याची कंपनी पत्त्यांची आणि पोर्टची यादी देते, तेवढं थेट जाऊ द्या. अशाने प्रॉक्सी मशिन पडलं तरी मेल आणि कॉल चालू राहतात, आणि राउटर रीस्टार्ट व्हायला लागलाच तर दोन-चार मिनिटांत परत येतो, विंडोजच्या अपडेटसारखा अर्धा तास बसत नाही.

ब्राउझरला पत्ता हाताने प्रत्येक पीसीवर भरू नका, पॅक फाइल वापरा. ती एक छोटी जावास्क्रिप्टची फाइल असते, त्यात एकच फंक्शन, जे प्रत्येक पत्त्यासाठी सांगतं की प्रॉक्सीतून जा की थेट जा. ऑफिसमधले प्रिंटर, आतला सर्व्हर हे थेट, बाकी प्रॉक्सीतून. ही फाइल आतल्याच कुठल्या वेब सर्व्हरवर ठेवायची आणि तिचा पत्ता पॉलिसीने (एका जागेवरून सेटिंग द्यायची विंडोजची सोय) सगळ्या पीसींना द्यायचा. उद्या प्रॉक्सीचा आयपी बदलला तर एकच फाइल बदलायची. लॅपटॉप घरी गेला की ती फाइलच सापडत नाही म्हणून ब्राउझर सहसा थेट जातो आणि "घरी नेट चालत नाही" हे फोन बंद होतात. डब्ल्यूपॅडने ही फाइल आपोआप शोधण्याची सोय पण आहे, मी ती टाळतो, कारण नेटवर्कवर दुसऱ्या कोणी त्या नावाने फाइल दिली तर तुमचे ब्राउझर त्याच्या प्रॉक्सीतून जायला लागतील.

स्क्विडच्या नियमांबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण सगळे इथंच अडकतात. एचटीटीपी-ॲक्सेसच्या (कोणाला परवानगी, कोणाला बंदी ते सांगणाऱ्या) ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि जी पहिली जुळली तिथं निकाल लागतो, पुढच्या बघितल्याच जात नाहीत. म्हणजे वर "अलाऊ लोकलनेट" (ऑफिसच्या पत्त्यांना परवानगी) लिहिलं आणि त्याखाली एखादी साइट बंद करायची ओळ टाकली तर ती ओळ कधी चालणारच नाही, तुम्ही साइट बंद केली असं समजून निवांत आणि लोक ती आरामात उघडतायत. बंदीच्या ओळी वर, मग ऑफिसच्या पत्त्यांना परवानगी, आणि शेवटची ओळ "डिनाय ऑल" (बाकी सगळ्यांना बंदी). ती शेवटची ओळ कधीही काढायची नाही, कितीही घाई असली तरी. बदल केला की आधी "स्क्विड -के पार्स" ने फाइल तपासा, मग "स्क्विड -के रीकॉन्फिगर", सर्व्हिस रीस्टार्ट करायची गरज नाही, लोकांचं चालू काम साधारणपणे तुटत नाही.

लॉग (स्क्विडने ठेवलेली नोंद) वाचायची सवय करा. ॲक्सेस लॉगच्या ओळीत पहिला आकडा वेळ असतो, १९७० पासूनचे सेकंद, दुसरा ते काम किती मिलीसेकंद चाललं, मग कुठल्या पीसीने मागितलं, मग निकाल. आता लॉगिन लावलेल्या प्रॉक्सीत "टीसीपी-डिनाइड ४०७" अशा ओळी भरपूर दिसतात आणि नवीन माणूस घाबरतो. ४०७ म्हणजे "आधी नाव-पासवर्ड दे". ब्राउझर पहिल्यांदा तसाच येतो, त्याला ४०७ मिळतं, मग तो ओळख देऊन परत येतो आणि पुढची ओळ "टीसीपी-टनेल २००" (बोगदा उघडला) दिसते, हे नॉर्मल आहे. ४०७ नंतर ४०७ च येत राहिलं तर पासवर्ड चुकतोय किंवा त्या प्रोग्रामला ओळख देता येत नाही. ४०३ दिसलं तर मात्र तुमच्याच एखाद्या नियमाने अडवलंय. आणि टनेलच्या ओळीत दुसरा आकडा पाच-सहा लाख दिसला म्हणून साइट स्लो आहे असं समजू नका, तो बोगदा जितका वेळ उघडा होता तो सगळा वेळ असतो.

सुरक्षेचं एक आवर्जून. प्रॉक्सीला सांगा की फक्त आतल्या पत्त्यावर ऐक, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१० वर ३१२८. तुमच्या आत्ताच्या पीसीला दोन कार्डं आहेत, एक थेट बाहेर उघडं, आणि सॉफ्टवेअरची सेटिंग दोन्ही कार्डांवर ऐकायची असेल तर बाहेरचा कोणीही तुमची प्रॉक्सी वापरतोय अशी शक्यता आहे. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर सतत चालू असतात. मग कोणी तिसऱ्याने केलेला उद्योग तुमच्या ऑफिसच्या आयपीवर नोंदला जातो. आजच तपासा, मोबाइल डेटावरून तुमच्या बाहेरच्या आयपीवर तो पोर्ट उघडतोय का बघा, बाकी सगळं नंतर.

मुख्य ऑफिसने वाट दिली असेल तर गोष्ट बदलते. तिथं त्यांची प्रॉक्सी असते, लॉगिन असतं, आणि काही जणांना परवानगी असते काहींना नसते. अशा वेळी एकाचं लॉगिन आपल्या प्रॉक्सीत भरून त्यामागे बाकीच्यांना नेट देता येतं का, तर तांत्रिकदृष्ट्या येतं, स्क्विडमध्ये कॅश-पीअरने वरची प्रॉक्सी जोडता येते आणि "नेव्हर-डायरेक्ट" ने सगळं तिच्यातूनच पाठवता येतं. पण एकाच्या लॉगिनवर हे करू नका. वरच्या लॉगमध्ये प्रत्येक क्लिक त्या एका माणसाच्या नावावर पडणार, उद्या कोणाच्या पीसीतून व्हायरस बाहेर बोलायला लागला तर जाब त्यालाच. मुख्य ऑफिसच्या आयटीला लेखी विचारा, शाखेच्या प्रॉक्सीसाठी वेगळं लॉगिन किंवा तुमच्या आयपीला परवानगी मागा. ही मागणी अगदी नेहमीची आहे, त्यांना त्यात नवीन काही वाटत नाही.

आता कॉल तुटण्याचं दुसरं कारण. लाइनचं अपलोड भरलं की सगळ्याचा वेग मरतो, आणि हे मी फार ठिकाणी बघितलंय, कोणाचा तरी फोटोंचा किंवा फाइलींचा क्लाउड बॅकअप चालू असतो आणि दोष प्रॉक्सीला जातो. तपासायला सोपं आहे, एका पीसीवर बाहेरच्या पत्त्याला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावून ठेवा आणि दुसऱ्यावरून मोठी फाइल अपलोड करा. पिंग २० मिलीसेकंदांवरून ५००-६०० ला गेला तर लाइन कमी नाहीये, राउटर किंवा मोडेममधली पॅकेटांची रांग फुगतेय. यावर उपाय प्रॉक्सीतल्या स्पीड लिमिटचा नाही, कारण थेट जाणारं ट्रॅफिक प्रॉक्सीला दिसतच नाही. राउटर असा घ्या ज्यात एफक्यू-कोडेल किंवा केक या पद्धतीची रांग चालते, आणि त्याला वेग लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी द्या, साधारण ९० टक्के, म्हणजे रांग इंटरनेट कंपनीच्या मोडेममध्ये न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तो ती नीट सांभाळतो. नवीन राउटर घेताना मी वाय-फायच्या अँटेना मोजण्याआधी ही सोय आहे का ते बघतो.

एचटीटीपीएस उघडून आतलं वाचायची सोय स्क्विडमध्ये आहे, त्यासाठी प्रत्येक पीसीवर तुमचं सर्टिफिकेट (ओळख पटवणारी फाइल) टाकावं लागतं. लहान ऑफिसात मी हे करत नाही आणि करू नका असंच सांगतो. लोकांचे बँकेचे पासवर्ड तुमच्या मशिनमधून उघडे जाणार, त्या सर्टिफिकेटची किल्ली चोरीला गेली तर सगळं ऑफिस उघडं, शिवाय कितीतरी ॲप असं सर्टिफिकेट मानत नाहीत आणि बंद पडतात. साइटच्या नावावरून बंदी घालायला आत डोकवायची गरजच नाही, नाव कनेक्टमध्ये दिसतं. आणि नोंद ठेवणार असाल तर लोकांना आधी लेखी सांगा की काय नोंदलं जातं, किती दिवस ठेवलं जातं, कोण बघू शकतं. चोरून ठेवलेला लॉग एक दिवस बाहेर येतोच आणि मग तुमच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

बदल एका झटक्यात करू नका, असा करा की कोणाला कळणारही नाही. समजा आज सगळ्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे. सुट्टीच्या दिवशी राउटर आणा, त्याला आतला पत्ता १९२.१६८.१.१ द्या, लाइन राउटरला जोडा, जुन्या पीसीचं बाहेरचं कार्ड बंद करा आणि त्याचा गेटवे (बाहेर जायची वाट) राउटर करा. जुनी प्रॉक्सी त्याच पत्त्यावर चालू राहील, दुसऱ्या दिवशी लोक नेहमीसारखं काम करतील. जुन्या पीसीवर विंडोजचं इंटरनेट शेअरिंग चालू असेल तर ते बंद करा, ते आपले १९२.१६८.१३७ चे पत्ते वाटत असतं आणि एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी झाले की अर्ध्या पीसींना नेट, अर्ध्यांना नाही असा प्रकार होतो. तुमचं सगळं ऑफिसच सध्या त्या १३७ च्या पत्त्यांवर असेल तर राउटरला तीच रेंज द्या, पीसींना हात लावावा लागणार नाही. प्रिंटरला हाताने दिलेले पत्ते डीएचसीपीच्या रेंजबाहेर आहेत ना बघा.

मग मेल आणि कॉल थेट करा, ते ठीक चालले की स्क्विडचं मशिन वेगळ्या पत्त्यावर उभं करा, पॅक फाइलने आधी दोन-तीन पीसी तिकडं वळवा, मग बाकीचे. फायरवॉलमधला ८० आणि ४४३ अडवायचा नियम सगळ्यात शेवटी, आणि तोही आधी आठवडाभर नुसता लॉग करायला लावा, अडवायला नाही. कुठले पीसी अजून थेट बाहेर जातायत ते त्यात दिसेल, त्यात नेहमी एखादं हजेरीचं मशिन नाहीतर कॅमेऱ्याचा रेकॉर्डर निघतो ज्याला प्रॉक्सी भरायची सोयच नसते. त्यांच्यासाठी त्यांच्या-त्यांच्या सर्व्हरपुरती थेट वाट लिहून ठेवा आणि मगच नियम चालू करा.